आजारी पानं

रोपवाटिकेतल्या मुलीने चिठ्ठी बांधून दिली होती:
डॉगवुड, दुरंगी. जागा ओलसर. ऊन चालेल, सावलीही.
आमच्याकडे त्याला ग्रिमोनिस म्हणतात, पांढरा ग्रिमोनिस,
आणि काड्या मात्र लालभडक.
नाव ठेवणाऱ्याने बहुधा फळंच पाहिली असावीत.

हातपंपाच्या बाजूला लावला, जिथे पाणी साचून
दुसरं काहीच तगत नव्हतं.
तिसऱ्या उन्हाळ्यात माझ्या खांद्याला लागला.
पानापानाला पांढरी कड,
पातेल्याच्या काठाला चिकटून राहिलेल्या सायीसारखी.

मग बुडातून एक निव्वळ हिरवी फांदी आली.
दांडगी. महिन्याभरात बाकीच्यांच्या डोक्यावर.
शेजारचे इल्ग्वार्स कुंपणावरून म्हणाले,
"मुळापासून काढ, वेल्ता. कीव केलीस
तर दोन वर्षांत पांढरं औषधालाही उरणार नाही."

मी घरभर कात्री शोधली.
कात्री आईकडे होती.
हिरवी फांदी जागच्या जागी,
आणि तिच्या बुटांशी सायीच्या पानांचा ढीग.

"आजारी आहेत," ती म्हणाली,
"बाकीच्यांना लागायच्या आत खुडलेली बरी.
तिकडे नदीकाठचं सगळं रान याचंच.
एक पान असं नव्हतं."

तिकडे.
तोम्स्कच्याही पलीकडचं तिकडे,
जिथली आठ वर्षं
आमच्या जेवणाच्या टेबलावर कधी आली नाहीत.
बासष्टाव्या वर्षी मला कळलं
की तिथे नदी होती.

रागवायला म्हणून मी तोंड उघडलं
आणि विचारलं, "काड्यांचं काय करायचात तुम्ही?"
"टोपल्या."
ढीग पायाने नीट करत राहिली.
"वाईट टोपल्या. बटाटे गळायचे."

एवढंच. मग तिला थंडी वाजायला लागली,
जूनमध्ये.

आता ती नाही. झुडूप अर्धं हिरवं, अर्धं दुरंगी.
इल्ग्वार्स येता-जाता मान हलवतात.
मार्चमध्ये छाटायचं असतं, वीतभर ठेवून,
बर्फ पुरता वितळायच्या आधी.
मी कात्री घेऊन जाते, उभी राहते,
परत येते.
लाल काड्या सगळ्या सारख्याच लाल.
कुठलीला कुठलं पान येणार
मे उजाडल्याशिवाय सांगता येत नाही.