पाच चाळीसचं आधण

माझं काम पाणी उकळायचं.
दहा लिटर, एकवीस अंशांपासून,
झाकण न ठेवता, आणि डोळा मीटरवर.
सव्वीस वर्षं झाली.
बायको असताना विचारायची, आज काय रांधलंस?
मी म्हणायचो, पाणी.
पण करपू दिलं नाही.

यंदा बक्षिसासाठी आलेल्यांत
ओहायोची एक तळणी होती,
आणि विनिपेगच्या इस्पितळातली
काळ्या काचेची लांबलचक शेगडी.
जाळ नाही, आवाज नाही,
हात ठेवला तर हाताला पत्ताच नाही,
भांडं ठेवलं की मात्र भांडं पेटून उठतं.

प्रयोगशाळेत सगळीच यंत्रं गुणी.
म्हणून आमचा नियम,
महिनाभर मोजायचं चालत्या स्वयंपाकघरात,
शंभर ताटांमागे किती वीज.
मी आकडे पाहत बसलो.
सकाळी साडेसहाला लापशीचा चढ,
अकराला सूपचा,
आणि रोज, अगदी रोज,
पाच चाळीसला एक उंचवटा,
अर्ध्या युनिटाहून जरा कमी.
त्या वेळी एकही ताट बाहेर जात नव्हतं.

मला वाटलं, तार सैल असेल.
उणे एकतीसमध्ये गाडी काढून
पहाटे तिथे पोचलो.

पर्पेचुआ माग्बानुआ, पहाटपाळीची आचारीण,
कोपरापर्यंत जुन्या चटक्यांचे डाग,
इलोइलो सोडून अठरा वर्षं,
थंडीशी अजून बोलणं नाही.
तिने तीन लिटरचं पातेलं चढवलं
आणि मागचं दार उघडलं.
आत आले रात्रपाळीवाले:
लाँड्रीतला वेंडेल, दोन नर्सा, फरशी पुसणारा म्हातारा युक्रेनियन,
ज्याने मला माझ्या आजीच्या भाषेत विचारलं,
तू कुणाचा?

बसथांबा मागच्या गल्लीत आहे.
गॅस होता तेव्हा भिंतीतल्या झरोक्यातून
सगळी वाया गेलेली धग गल्लीत पडायची.
कांद्याचा वास असलेली ऊब.
त्याखाली उभं राहून ही मंडळी
सहाच्या बसची वाट पाहायची.
नवी शेगडी आली, धग वाया जायची थांबली.
आमच्या फॉर्मवर याला शंभरपैकी एकोणनव्वद गुण आहेत.
गल्लीत त्या आठवड्यात
वेंडेलच्या कानाची पाळी काळी पडली.

"मग मी आधण ठेवायला लागले," ती म्हणाली.
"चहा त्यांचा, साखर त्यांची. पाणी आणि वीज इस्पितळाची."

मी हिशेब केला. महिन्याचे बारा युनिट.
ते धरले तर तळणी पुढे जाते,
थोडक्यात, पण जाते.
मी म्हणालो, हे ताटांत मोडत नाही,
खोडून टाकता येईल, नियमात बसवू.
ती कप विसळत होती.
मागे न वळताच म्हणाली,
"पाणी उकळलं होतं ना, मिस्टर हालुश्का?
मग लिहा."

मी लिहिलं.

समारंभ टोरोंटोत झाला, झुंबरांखाली.
तळणीला काचेचं मानचिन्ह मिळालं,
शेगडीला कागद.
कंपनीचे लोक पर्पेचुआला घेऊन आले होते;
निळा झगा, हातमोजे कोपरापर्यंत.
जेवण आलं तेव्हा तिने मासा एकदाच चाखला
आणि माझ्या कानाशी वाकली:
"गॅसवरचा आहे. एका कडेने जास्त लागलाय."
आम्ही दोघं इतके हसलो
की मंचावरच्या वक्त्याला वाटलं,
त्याचा विनोद कुणाला तरी कळला.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते, इतर निरीक्षणे.
सव्वीस वर्षं मी तिथे आडवी रेघ मारत आलो.
या वेळी पेन बराच वेळ तिथेच राहिलं.
"मागचं दार," एवढं लिहिलं,
पुढे काही सुचेना.