पाणी ओतल्यावर

जे पडलंय ते उचलायचं नाही,
जे उभं आहे ते पडू द्यायचं नाही.
सरदेसाईसाहेबांनी पहिल्या दिवशी इतकंच शिकवलं,
बाकीचं गवतानं.

जुन्या गोव्याच्या या टेकडीवर
इगर्जीची एक भिंत आहे, कमान आहे अर्धी,
आणि मध्ये आभाळ,
ज्याची देखभाल आमच्या खात्याकडे नाही.

घंटा होडीनं खाली गेली,
दुसऱ्या कुठल्या गावात अजून वाजते म्हणतात.
दारं कुणाकुणाच्या पडवीला लागली.
पाद्र्यांना निघा म्हटलं तेव्हा
सामान बांधायला किती दिवस दिले, फाइलीत नाही.
मग एका आषाढात छत खाली बसलं,
दमलेला पाहुणा बसतो तसं,
कुणी बस म्हणायच्या आधीच.

जमिनीत नावांचे दगड आहेत.
कोरडे असताना काही म्हणजे काही वाचता येत नाही.
कळशीभर पाणी ओतलं
की अक्षरं वर येतात माशांसारखी :
एक ढाल, एक कवटी,
एका बाईचं अर्धं नाव.
उरलेलं अर्धं पायांनी नेलं,
माझेही पाय त्यात आले.

पिएदादबाय दोन नोव्हेंबरला येते, मेणबत्ती घेऊन.
इथे ज्योत पेटवायला मनाई, नियम सातवा,
तो फलक मीच रंगवलाय.
ती न पेटवलेली मेणबत्ती धरून उभी राहते,
पेटलेली संपायला लागेल तेवढा वेळ.
मी तेव्हा भिंतीपलीकडे
आधीच चाळलेला चुना पुन्हा चाळतो.

गेल्या वर्षी आमच्या विहिरीचा काठ खचला.
खापरपणजाची विहीर. चिरे उपसताना
एक निघाला, जो चिरा नव्हताच, काळा पाषाण.
त्यावर अर्धा पंख.
लगेच ओळखला.
उरलेला अर्धा मी रोज पुसतो,
कमानीच्या डाव्या खांद्यावर.

म्हणजे म्हातारा रात्री इथे येत होता तर!
साहेबांना सांगावं असं मनात आलं,
खरंच आलं. आधी धुवावा म्हणून दगड उलटा केला,
तर पाठीवर कमळ.
छिन्नी वेगळी, हात वेगळा,
पाकळ्या झिजून आमच्या तुळशीच्या ओट्यावरच्यासारख्या.

आमचा देव एका रात्री नदीपार गेला,
भाताच्या पाटीत, तुसाखाली, पालखीविना.
एवढं घरात सांगतात.
देऊळ मागे राहिलं त्याचं काय झालं
ते कुणी सांगत नाही,
मीही कधी विचारलं नव्हतं.

दोन्ही बाजूंवर पाणी ओतलं.
दोन्ही सारख्याच काळ्या झाल्या,
सारख्याच वेळात वाळल्या.

बोस्त्यांव गवंडी थापी धरून उभा :
सांग रे बाबा, कुठली बाजू पाण्याकडे?
कालवलेला चुना घट्ट होत चालला होता,
रहाटावर कावळा बसला होता,
आणि मी पंधरा वर्षांचा सरकारी माणूस,
जे पडलंय ते हातात घेऊन.

दुसऱ्या दिवशी आठला हजेरी दिली.
शिडी लावली, पंख पुसला.
रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ.