कडोलीच्या शिवारात आखणी

एका प्लॉटला किमान एक एकर,
घर एकच, कुंपण कमरेएवढं,
बाकीचं मोकळं —
कन्नडातला नियम मष्णू मराठीत सांगतो
पंचायतीच्या कट्ट्यावर.

'मोकळं म्हंजे नेमकं काय गा?'
भरमाण्णा विचारतो.

नकाशात ते हिरवं आहे.
शिवारात तिथं
मसूर काढलेलं काळं रान,
म्हशींची वाट,
आणि काल खुंटी ठोकताना
डोक्यावर ओरडत सुटलेली टिटवी.
चार अंडी, ढेकळांच्या रंगाची.

साखळीवाला पाच पावलं मागं सरला.
मग आणखी पाच.
तिचा सेटबॅक काही भरेना.

शेवटी खुंटी बांधापल्याड गेली.
मोजणीच्या वहीत, फरकाच्या रकान्यात,
मष्णूनं कन्नडात लिहिलं:
दगड लागला.