अंगठा

गोळीबार चौकातल्या दवाखान्यासाठी
नंबर लावायचं पान मी बनवलं.
पहिल्याच पडद्यावर अकरा बटणं,
वर हलणारं चित्र, खाली सरकती पट्टी.

फोन दिला सुमित्राबाई निमजेंच्या हातात.
सुतानं चिरा पडलेला त्यांचा अंगठा
काचेवर नुसता तरंगत राहिला.
"मलेच नाई समजत बाप्पा," म्हणाल्या,
आणि फोन पदराला पुसून परत दिला.

ते पुसणंच लागलं मला.

रात्रभर खोडत बसलो. कूलर घरघरत होता.
चित्र गेलं. पट्टी गेली. माझी हुशारी
जरा उशिरा गेली, पहाटे चारला.

आज त्यांनी दाबलं, नंबर लागला.
पानाबद्दल अवाक्षर नाही.
माझ्या पिशवीकडे पाहून विचारलं,
"वांगे कसे देल्ले रे?"