हाताची ऊब

पहिल्याच आठवड्यात ग्विलिमनं
राळेच्या चकतीवर माझं नख दाबून घेतलं.
"उमटलं? मग चालेल."
हे पदवीच्या कुठल्याच पेपरात नव्हतं.

भिंग उतरवलं, पुसलं,
कसोटीच्या काचेवर टेकवलं.
रंगीत रेषा सगळ्या वाकड्या.
माझ्या पोटात गोळा.
"तुझ्या हाताची ऊब आहे ती," तो म्हणाला,
"निवू दे. चहा पिऊन ये."

वीस मिनिटं.
खिडकीपलीकडे लनेल्वीच्या मेंढ्या,
त्यांना कसलीच घाई नाही.

रेषा एकेक करत सरळ झाल्या,
कडेची एक सोडून.
ती ऊब नव्हती.
ती मी.

संध्याकाळी मॅमचा फोन: काय बनवलंस आज?
नखांत गुलाबी पॉलिश अडकलेलं.
म्हटलं, चूक सापडली एक,
केसाहून दोनशे पट बारीक.
ती म्हणाली, बरं,
बस चुकवू नकोस.