उजवा हात

अठराव्या ठोक्याला हात मरायचा.
हातोडी बोटांत राहायची, मी नसायचो.
गिऱ्हाईक म्हणायचं, घंगाळाला पोचा राहिला, वामनशेठ.
मी म्हणायचो, नजर गेली हो.
खोटं.

गंगापूर रोडच्या डॉक्टरीणबाईंनी
दोन्ही दंडांना पट्टा बांधला:
डावीकडे एकशे चाळीस, उजवीकडे नव्वद.
मग गळ्याच्या हाडाखाली स्टेथोस्कोप टेकवून
ऐकत राहिल्या बराच वेळ,
मी टिचकी मारून हंड्यातली चीर ऐकतो तशा.

पूर्ण भूल नाही, म्हणाल्या, जागेच राहा.
जांघेतून तार वर गेली.
पडद्यावर माझ्याच खांद्यातली काळी नळी,
एका जागी दोऱ्याएवढी.
तिथे फुगा फुगला. दुखलं, थोडंसं.
मग जाळी बसली.
आतून दाबूनच गोलाई येते, बाई,
आमच्यातही असंच, मी म्हणालो.
त्या हसल्या नाहीत. सेकंद मोजत होत्या.

तळहातात कोमट काहीतरी उतरलं.
अंगठ्याला आधी कळलं.

आज भांडीबाजारात दुकान उघडलं.
सोळा. सतरा. अठरा.
शेजारचा मोडवाला तराजू धरून थांबला.
एकोणिसावा
चुकीच्या जागी पडला,
पण काय वाजला!