लुमाण्णाची सातवी

लुमाण्णा जातीचा सुतार नव्हे.
खानापुरात कौलांच्या कारखान्यावर
आम्ही दोघं एकाच भट्टीला, बावीस वर्षं.
भट्टी विझली तेव्हा मी पानपट्टी टाकली
आणि त्यानं ट्रकच्या मोडक्या पाट्याची पटाशी घासली
विहिरीच्या कठड्यावर,
तीन दिवस.

कुणी शिकवलं? कुणी नाही.
पहिली म्हैस केली ती डुकरागत झाली.
"डुक्कर म्हणून ठेव की गा," मी म्हटलं.
त्यानं ती चुलीत घातली, तिच्यावर भात शिजवला
आणि जेवताना म्हणाला, शिंगं चुकली.

त्याची आई बैलहोंगलकडची.
झाडाला ती मर म्हणायची.
आम्ही पोरं परड्यातल्या फणसावर चढलो
की खालनं ओरडायची, "मर हत्तब्याड!"
पुढचं आम्हाला कळत नसे,
पहिलंच तेवढं कळे,
आणि हसून हसून आम्ही खरंच पडायच्या बेतात.

गोष्टी मात्र दोन्ही भाषा कालवून सांगे.
मलप्रभेच्या डोहातल्या साती आसरा
अवसेला वर येऊन केस वाळवतात.
एकीच्या पाठीवर शेवाळ,
एकीच्या कमरेला खेकड्यांची साखळी,
तिसरी मुकी,
चौथी तिच्या वाटचंही बोलते.
सहावीपाशी आली की तिचा डोळा लागे.
दिवसभर दुसऱ्याच्या चिखलात रोप लावून आलेली बाई.
"आणि सातवी, अव्वा?"
नुसतं घोरणं.

सहा जणी त्यानं फणसात कोरल्या.
आधी हळदीसारख्या पिवळ्या,
मग वर्षावर्षानं काळवंडत गेल्या.
खेकड्याचे पाय मी मोजून बघितले, दहा भरले.
मुकीला ओठ दिलेच नाहीत.
चौथीला दोन तोंडं.

बेळगावहून प्रदर्शनवाले आले.
पाटी कुठल्या भाषेत लावायची
यावर कट्ट्यावरच जुंपली त्यांची. चहा निवला.
"ह्यांना वाचाय येत नाही," लुमाण्णा म्हणाला,
"कुठल्यातच."

एकानं विचारलं, साती म्हणता, मग सहाच कशा?
त्यानं कोपऱ्यातला ओंडका दाखवला,
सालही न काढलेला.
तोच फणस, आई गेली त्या पावसात पडलेला.
"हिची गोष्ट ऐकायची ऱ्हायली."

काल गेलो तर दार लोटलेलं.
ओंडक्याला टेकून बसलेला, पटाशी मांडीवर.
"काय करालास गा?"
बोलला नाही.
कान लावला होता की झोप लागली होती, कळेना.
मीही बसलो. जुन्या ढलप्या टाचेला टोचत होत्या.

बाहेर नातू पेरूवर चढत होता.
डोळे न उघडता लुमाण्णा ओरडला,
"मर हत्तब्याड!"

पोरगं कन्नड शाळेत जातं.
त्याला अख्खं वाक्य कळतं.
हसलं नाही.
वरच्या फांदीवर गेलं.